५ व्होल्टच्या मॉड्युलर सिंथसाठी केऑटिक ट्रिगर सर्किट : काय काय बदलावं लागेल?

लाल_एलईडी
नमस्कार मंडळी,
घरी एई मॉड्युलरच्या (५ व्होल्टवर चालणारा तयार मॉड्युलर सिंथ) धर्तीवर छोटी पेटी जमवतेय, म्हणजे सुटी मॉड्यूलं वायरींनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर. सगळं ० ते ५ व्होल्टमध्ये, पॅचिंगला ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी. ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप झाले. आता असं एक मॉड्यूल हवंय जे ट्रिगर (आवाज सुरू करणारे छोटे पल्स) सोडेल, पण घड्याळासारखे टिकटिक नाही आणि नुसते फाशांसारखे रँडमही नाही. थोडा वेळ एक नक्षी धरावी, ती मोडावी, पुन्हा तिच्या जवळपास यावं. म्हणजे खराखुरा केऑस.

नेटवर सर्किट ढिगाने आहेत, पण जवळजवळ सगळी युरोरॅकची (मॉड्युलर सिंथचा नेहमीचा प्रकार), म्हणजे अधिक-उणे १२ व्होल्ट. टीएल०७२ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), ट्रान्झिस्टरचा नॉइज, कुठे एडी६३३ मल्टिप्लायर. माझ्याकडे उणे सप्लायच नाही. नुसता ऑपअँप बदलून भागेल की मुळातच दुसरं सर्किट शोधावं? कुणी हे केलंय का?

ओहमचा_नियम
नुसता बदलून भागणार नाही, पण सुरुवात तिथूनच.

जुना टीएल०७२ दहा व्होल्टच्या खाली भरवशाचा नाही. त्याचं आउटपुट दोन्ही रेलच्या (सप्लायच्या वरच्या-खालच्या टोकांच्या) अलीकडेच दीड-एक व्होल्टवर थांबतं, म्हणजे ५ मधले उरले जेमतेम दोन. शिवाय इनपुट खालच्या रेलजवळ गेलं की आउटपुट उलटं फिरतं. एलएम३५८ शून्यापर्यंत जातो पण वर साडेतीनलाच अडतो. एमसीपी६००२ घ्या, रेल-टू-रेल आहे, १.८ ते ६ व्होल्टवर चालतो. मात्र चुकूनही त्याला १२ दाखवू नका.

एडी६३३ विसरा. त्याला किमान अधिक-उणे ८ लागतात. त्यामुळे त्याने गुणाकार करणारी, लॉरेन्झच्या केऑटिक समीकरणांवरची सर्किटं आपोआप बाद.

खडखडाट
आटटायनी८५ मायक्रोकंट्रोलर. आठ पायांचा, ५ व्होल्टवर चालतो, दहा ओळींचा कोड. विषय संपला.

गंजका_सोल्डर
आला, आटटायनीवाला आला. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

अव्यवस्थित_गणित
@खडखडाट, दहा ओळीत काय लिहिणार? लॉजिस्टिक मॅपच ना? रॉबर्ट मे यांचा १९७६ चा 'नेचर'मधला लेख प्रसिद्ध आहे : पुढचा एक्स = आर गुणिले एक्स गुणिले (१ वजा एक्स). आर ३.५७ च्या वर गेला की केऑस सुरू, मध्येमध्ये शिस्तीच्या खिडक्या. कागदावर सुंदर.

पण आठ किंवा सोळा बिटांच्या पूर्णांकात चालवलं की गाडी लवकरच एखाद्या छोट्या फेऱ्यात अडकते. आकडे मोजकेच, त्यामुळे कधीतरी जुन्या आकड्यावर पाय पडणार आणि तिथून सगळं जसंच्या तसं परत. डबलिंग मॅप तर त्याहून वाईट. प्रत्येक पायरीला एक बिट डावीकडे सरकतो, सोळा पायऱ्यांत सगळे शून्य, खेळ खलास. ॲनलॉग सर्किटात तापमान, सप्लाय, नॉइज यांची सतत किंचित ढवळाढवळ असते, म्हणून ते असं गोठत नाही.

खडखडाट
३२ बिट घ्या की मग. फेरा पूर्ण झालेला कानाने ओळखलात तर मिसळ माझ्याकडून. आणि नाक मुरडण्याआधी हे बघा : बास्टल कंपनीचा कॅसल हा छोटा सिंथ आटटायनी८५ वरच चालतो, तीन डबल-ए सेलवर, जंपर वायरींनी पॅच होतो आणि त्यातला स्टेप जनरेटर रॉब होर्डाइक यांच्या रंगलर या सर्किटवरून सुचलेला आहे.

लाल_एलईडी
कॅसल ऐकलाय, आवडतो. पण मला कोड नकोय. दिवसभर ऑफिसात तेच करते :-) हातात सोल्डर असावा, नॉब फिरवला की काहीतरी बिनसावं, एवढीच अपेक्षा.

गंजका_सोल्डर
"नॉब फिरवला की काहीतरी बिनसावं" हे या फोरमचं ब्रीदवाक्य करा.

व्हॉल्व्हवाले_काका
नॉइजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जंक्शन उलटा बायस करून जो नॉइज काढतात, तो ५ व्होल्टवर निघणारच नाही. बीसी५४७ चा तो जंक्शन साधारण सात ते नऊ व्होल्टला फुटतो. पाच दिलेत तर नुसता शांत बसेल आणि तुम्ही रात्रभर ट्रान्झिस्टर बदलत राहाल.

उपाय : मॅक्स२३२. सिरीयल पोर्टवाली जुनी चिप, कुठल्याही दुकानात मिळते. पाच व्होल्ट द्या, चार कपॅसिटर लावा, पिन २ वर नऊ-दहा व्होल्ट मिळतात. नॉइजला करंट नगण्य लागतो, तेवढा ती सहज देते.

ओहमचा_नियम
काका, जुगाड झकास आहे. पण त्या चिपमधल्या चार्ज पंपची (व्होल्टेज वाढवणारा भाग) शिट्टी ऑडिओत उतरते. ट्रिगरपुरतं वापरलं तर चालेल.

पण मुळात नॉइज हवाच कशाला? नॉइज आणि केऑस वेगळे. केऑसमध्ये बाहेरून काही यादृच्छिक घालावं लागत नाही, सर्किट स्वतःच स्वतःला हुलकावण्या देतं.

दुहेरी_आवर्त
च्युआचं केऑटिक सर्किट कसं कुणाला आठवलं नाही? लिऑन च्युआ १९८३ मध्ये जपानच्या वासेदा विद्यापीठात असताना त्यांनी ते मांडलं. केनेडी यांची दोन ऑपअँपवाली रचना घेतली तर त्यातला नॉनलिनियर भाग ऑपअँपच्या सॅच्युरेशनवरच उभा असतो. रेषा जिथे मोडते ते व्होल्टेज सॅच्युरेशनच्या पटीत ठरतं. म्हणजे सप्लाय कमी केला की अख्खा डबल स्क्रोल (त्याच्या केऑसची दोन भोवऱ्यांची आकृती) त्याच आकारात लहान होतो. रेल-टू-रेल ऑपअँप आणि अडीच व्होल्टची खोटी ग्राउंड, बस.

याउलट ज्यांत डायोडची ०.६ ची पायरी नॉनलिनियर म्हणून वापरलीय, त्यांचं हे होत नाही. सप्लाय निम्मा केला तरी डायोड आपला ०.६ सोडत नाही. मग ऑपअँप आधी छताला आपटतो आणि केऑसऐवजी एक साधा फेरा धरून बसतो. म्हणून कमी व्होल्टेजला सर्किट निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा : यातली वळणं सप्लायच्या प्रमाणात हलतात की जागेवर अडून राहतात?

व्हॉल्व्हवाले_काका
आणि इंडक्टर?

दुहेरी_आवर्त
नेहमीचा १८ मिलिहेन्री.

व्हॉल्व्हवाले_काका
१८ मिलिहेन्री आणि १०० नॅनोफॅरडला ते पावणेचार किलोहर्ट्झच्या आसपास फिरणार. ताईंना ट्रिगर हवेत, शिट्टी नाही. सेकंदाला चारच्या घरात आणायचं तर सगळं हजार पटीने हळू करा, म्हणजे १८ हेन्री. माझ्याकडे जुन्या व्हॉल्व्ह अँपचा चोक पडलाय, दहा हेन्रीचा. दोन हातांनी उचलावा लागतो. पाठवू का?

गंजका_सोल्डर
हाहाहा, पोस्टेजमध्ये युरोरॅक येईल.

दुहेरी_आवर्त
जायरेटर (ऑपअँपने बनवलेला नकली इंडक्टर) करता येतो हो काका. आणखी दोन ऑपअँप वाढतील इतकंच.

व्हॉल्व्हवाले_काका
करता सगळंच येतं. चार ऑपअँप, मोठाले कपॅसिटर, वर ट्रिगर काढायला कंपॅरेटर. तोही एलएम३९३ घेतलात तर आउटपुटला पुलअप विसरू नका, आणि त्याचं इनपुट साडेतीनच्या वर न्यायचं नाही. एवढं करून मिळणार काय, तर एक ट्रिगर.

तपकीर_गल्ली
उशिरा आलो. वरचं सगळं वाचलं, बरंचसं पटलं, पण धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे : ऑपअँप बदलू नका, ऑपअँप काढूनच टाका.

५ व्होल्टची खरी दोस्त म्हणजे लॉजिक चिप्सची सीमॉस ४००० मालिका. ३ ते १८ व्होल्ट चालते, आउटपुट थेट रेलपर्यंत जातं. स्टॅन्ली लुनेटा यांच्या नावावरून लुनेटा सिंथ म्हणतात ते याच चिप्सचे. आणि होर्डाइक यांचा रंगलर (बेंजोलिन आणि ब्लिपू बॉक्स या दोन्हींत आहे) मुळात याच जातीचा. कल्पना अशी : दोन ऑसिलेटर. एकाने शिफ्ट रजिस्टरला (दर क्लॉकला बिट एक-एक घर पुढे सरकवणारी चिप) क्लॉक द्यायचा, दुसऱ्याचा स्क्वेअर डेटा म्हणून आत सारायचा. शेवटचे तीन बिट आर-टूआर शिडीतून (बिटांचं व्होल्टेज करणारी रेझिस्टरांची साखळी) आठ पायऱ्यांचं व्होल्टेज होऊन परत दोन्ही ऑसिलेटरांची फ्रिक्वेन्सी हलवतात. फ्रिक्वेन्सी हलली की आत जाणारे बिट बदलतात, बिट बदलले की फ्रिक्वेन्सी. लागली साखळी.

तीनच बिट का? शिफ्ट रजिस्टर म्हणून घेतलेली सीडी४०२१ आठ टप्प्यांची आहे, पण बाहेर फक्त क्यू६, क्यू७ आणि क्यू८ याच पिना काढल्यात. पिन २, १२ आणि ३.

आता पाच व्होल्टवर कसं बसवायचं ते सांगतो. ऑसिलेटर म्हणून दोन सीडी४०४६ घ्या, फक्त त्यातला व्हीसीओ (व्होल्टेजने वेग बदलणारा ऑसिलेटर) वापरायचा. पिन ९ कंट्रोल, पिन ४ आउटपुट, पिन ५ ग्राउंडला, कपॅसिटर ६ आणि ७ च्या मध्ये. गंमत म्हणजे पिन ९ आत मॉसफेटच्या गेटला जाते, करंट ओढतच नाही. त्यामुळे शिडीचं व्होल्टेज, नॉब आणि बाहेरचा सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) हे तिन्ही शंभर-शंभर केच्या रेझिस्टरांनी नुसते एकत्र बांधले की मिक्सर झाला.

एक खोच आहे. पाच व्होल्टवर ४०४६ च्या कंट्रोलला खालचा एक व्होल्टभर मेलेलाच असतो. शिडी ००० वर आली आणि नॉब खाली असला की ऑसिलेटर थांबतो. क्लॉकवाला थांबला तर रजिस्टर सरकत नाही, रजिस्टर सरकलं नाही तर शिडी ००० वरच, आणि सगळं ठप्प. त्यासाठी पिन १२ वरून ग्राउंडला एक रेझिस्टर लावायचा, एक-दोन मेग. त्याने किमान फ्रिक्वेन्सी ठरते, कंट्रोल शून्य झाला तरी चाल सुरू राहते. बऱ्याच नेटवरच्या आकृत्यांत ही पिन मोकळी दाखवलेली असते.

शिडीला १०० के आणि २०० के. दहा-वीस के लावू नका, पाच व्होल्टवर सीडीच्या आउटपुटचा स्वतःचाच रेझिस्टन्स काही शे ओहम असतो, पायऱ्या वाकड्या होतात. पायरी एक ०.६२५ व्होल्टची पडते, सगळ्यात वरची ४.३७५.

अव्यवस्थित_गणित
दंडवत. वाचनखूण साठवली.

पुणेरी४०१०६
४०४६ कशाला, ४०१०६ ने (श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर) पण ऑसिलेटर होतो. मात्र व्होल्टेज कमी केलं की फ्रिक्वेन्सी पार बदलते हे लक्षात ठेवा, सगळे कपॅसिटर नव्याने काढावे लागतील.

ओहमचा_नियम
नाही बदलत फारशी. डेटाशीटमधले टिपिकल आकडे घ्या. ५ व्होल्टला उंबरठे (जिथे आउटपुट उलटतं ती व्होल्टेज) २.९ आणि १.९, १० ला ५.९ आणि ३.९. दोन्हीकडे गणित एकच येतं, पीरियड साधारण ०.८१ गुणिले आरसी. म्हणजे १०० के आणि १ मायक्रोफॅरडला सुमारे १२ हर्ट्झ, पाचलाही आणि दहालाही. उंबरठे सप्लायच्या प्रमाणातच सरकतात. वर दुहेरी_आवर्त यांनी च्युआबद्दल म्हटलं तेच.

बदलतं ते चिपनुसार. ५ व्होल्टला हिस्टेरेसिस (दोन उंबरठ्यांमधलं अंतर) टिपिकल ०.९ लिहिलाय, पण मर्यादा ०.३ पासून १.६ पर्यंत. दोन वेगळ्या बॅचच्या चिप्स घेतल्या तर सूर वेगळाच.

पुणेरी४०१०६
आकडे पटले. पण माझ्या बोर्डवर तरी बदलते.

ओहमचा_नियम
एलईडी लावलाय का त्याच आउटपुटवर?

पुणेरी४०१०६
...हो.

गंजका_सोल्डर
पुण्याच्या माणसाकडून तीन टिंबं! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ओहमचा_नियम
एलईडीचं सविस्तर सांगतो, कमी व्होल्टेजला हा हमखास घोळ आहे. १२ व्होल्टवर सीडी चिप एलईडीचा भार सहन करते. पाचवर तिचा दम एखाद्या मिलिअँपचा. एलईडीने पिन खाली ओढली की पुढच्या चिपला हाय म्हणून किमान साडेतीन हवेत, ते मिळत नाहीत. कधी मिळतात, कधी नाही. हा केऑस नव्हे, हा खराब सोल्डरचा भाऊ. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र बीसी५४७, बेसला १०० के. त्या चिपच्या बोलण्यात एलईडीने नाक खुपसू नये.

मात्राभंग
४०१०६ चा विषय निघालाच आहे तर : एकाच चिपमधले दोन ऑसिलेटर जवळजवळच्या वेगावर आणले की एकमेकांना चिकटतात. सप्लायच्या त्याच दोन पिना, हिस्टेरेसिस एवढासा, एकाचा झटका दुसऱ्याला वेळेआधी उलटवतो. १२ वर पटकन जाणवत नाही, ५ वर जाणवतं. आणि केऑस हवा असेल तर नेमकं हेच नको असतं. वेगवेगळ्या चिप्स, प्रत्येकीच्या पायाशी १०० नॅनोचा कपॅसिटर, आणि सप्लायच्या वाटेत ४७ ओहम आणि १० मायक्रो. मोबाइल चार्जरवर थेट चालवणाऱ्यांसाठी तर हे सक्तीचं.

अवांतर : १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर बसवून दिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्यावर काम केलं. नंतर ट्यूडर स्वतः अशीच एकमेकांत गुंतवलेली, परत स्वतःवर येणारी सर्किटं जोडून मैफली करायचे. आपल्याकडे हा नाद नवा नाही.

खडखडाट
अवांतर छान. पण एक विचारू? हे केऑटिक ट्रिगर ऐकायला कसे लागतात? मला दर वेळी वाटतं की कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडली.

मात्राभंग
प्रश्न बरोबर आहे. (मी तबला शिकतो, म्हणून सांगतोय.) मोकळे ट्रिगर पाच मिनिटांत कंटाळा आणतात. त्यांना मात्रेवर बसवायचं. ४०१३ फ्लिपफ्लॉप घ्या : डी पिनला केऑस, क्लॉकला मात्रा. आता ट्रिगर येईल तो मात्रेवरच येईल, कुठल्या मात्रेवर ते त्याचं तो ठरवेल.

त्याच मात्रेवर ४०१७ काउंटर ठेवा. क्यू७ परत रिसेटला जोडला की सातची फेरी, रूपक ताल. पहिलं आउटपुट म्हणजे सम.

खडखडाट
रूपकात सम खालीची (टाळी नसलेली) असते ना? मग तिथे ट्रिगर द्यायचा की नाही?

मात्राभंग
घ्या! हा माणूस आटटायनीच्या आडून तबला ऐकत होता.

तपकीर_गल्ली
मात्राभंग, तुमच्या समेत सोनं आहे. ४०२१ मुळात पॅरलल-इन चिप आहे. पिन ९ हाय केली की आठही पॅरलल इनपुटांवर जे असेल ते क्लॉकची वाट न बघता रजिस्टरमध्ये जाऊन बसतं. (४०१४ क्लॉकची वाट बघते, म्हणून इथे ४०२१ च.) रंगलरमध्ये या आठ पिना एरवी ग्राउंडला बांधून वाया जातात. तिथे आठ स्विच लावा आणि पिन ९ ला समेचा छोटा पल्स द्या. दर आवर्तनाला रजिस्टर तुमच्या ठरवलेल्या आठ बिटांपासून निघेल. पण ऑसिलेटर तेव्हा कुठल्या फेजमध्ये असतील ते वेगळं, म्हणून दोन-तीन मात्रांत वाट बदलेल. सुरुवात ओळखीची, पुढे मनमानी.

अव्यवस्थित_गणित
सुरुवातीच्या परिस्थितीवरचं संवेदनशील अवलंबन, तेही रूपकात. याहून शुद्ध व्याख्या मी वर्गात दिली नसेल.

लाल_एलईडी
मंडळी, काय सुटलाय हा धागा! मध्ये गायब होते कारण बोर्डवर जोडत होते. तपकीर_गल्ली यांच्या सांगण्याप्रमाणे : दोन ४०४६, एक ४०२१, एक ४०७०, एक ४०८१, शेवटी एक ४०१०६.

डेटा थेट न घालता ४०७० च्या एक्सॉर गेटमधून (दोन इनपुट वेगळे असतील तरच १) घातलाय. एका पायावर क्यू८, दुसऱ्यावर तीन स्थितींचा, मध्ये बंद असणारा स्विच. एका बाजूला दुसरा ऑसिलेटर, तो केऑस. दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, तेव्हा क्यू८ उलटा होऊन परत आत जातो आणि सोळाचं चक्र मिळतं. मध्ये ठेवला की १०० केच्या पुलडाउनने शून्य, म्हणजे आठचं चक्र. एखादी नक्षी आवडली की स्विच मध्यावर टाकायचा, ती तिथेच फिरत राहते. हे मला कुठल्याही रँडम मॉड्यूलपेक्षा जास्त भावलं.

पिन १२ चा रेझिस्टर खरंच लागतो. काढला आणि नॉब खाली नेला की थांबतं.

आता अडचण. क्यू६, क्यू७, क्यू८ तिन्हींचे ट्रिगर काढले, वाटलं तीन आवाज मिळाले. पण ते एकाच गोष्टीचे पडसाद वाटतात.

तपकीर_गल्ली
असणारच. क्यू७ म्हणजे एक क्लॉक उशिराचा क्यू६. मुद्दाम हवं असेल तर गोड लागतं, एकामागून एक तीच ओळ गाणारे तीन गायक. वेगळं हवं असेल तर ४०७० मध्ये अजून तीन गेट मोकळे आहेत. क्यू६ आणि क्यू८ एक्सॉर करा, ती ओळ बरीच परकी वाटते.

दाटपणाही बदलता येतो. फक्त चढत्या कडेवर ट्रिगर काढला तर लागोपाठ आलेल्या १-१-१ मध्ये एकच वाजतो. ४०८१ ने क्लॉकशी अँड केला तर तिन्ही वाजतात. दोन्ही सॉकेट बाहेर काढा.

लाल_एलईडी
अँडवालाच काढलाय, आता दुसराही काढते. शेवटचा प्रश्न : माझा एन्व्हलप ट्रिगर घेतो, पण ड्रम मॉड्यूल (आत मायक्रोकंट्रोलर आहे) कधी घेतं, कधी नाही. पल्स काढायला १० नॅनोचा कपॅसिटर आणि १०० केचा रेझिस्टर लावलेत.

ओहमचा_नियम
एक मिलिसेकंदाचा पल्स झाला तो. मायक्रोकंट्रोलर तेवढ्यात दुसरीकडे बघत असतो. १०० नॅनो करा. ४०१०६ चा खालचा उंबरठा १.९ धरला तर साडेनऊ-पावणेदहा मिलिसेकंद मिळतील. आणि पडत्या कडेला तो नोड शून्याखाली उणे पाचपर्यंत जाऊ बघतो. चिपमधला संरक्षक डायोड अडवतो, पण त्याच्यावर भार नको. गेटच्या आधी १० के टाका आणि नोडपासून ग्राउंडला एक शॉटकी डायोड, बीएटी८५ किंवा १एन५८१९.

खडखडाट
म्हणजे शेवटी मायक्रोकंट्रोलरनेच नखरे केले. आज मी गप्प.

बर्लिनकर
सगळं वाचून काढलं. इथे सगळ्यांकडे युरोरॅक, माझ्याकडेही. ताईंचं हे मॉड्यूल माझ्या पेटीशी जोडायचं तर? ५ व्होल्टचा ट्रिगर युरोरॅकमध्ये बहुतेक सगळीकडे चालतो, ते ठीक. उलट दिशेला, ८-१० व्होल्टचा गेट आत देताना?

ओहमचा_नियम
सीडी४०५० बफर. तिचं इनपुट स्वतःच्या सप्लायपेक्षा वर गेलं तरी तिला चालतं, तशीच बनवलीय. सप्लाय ५ द्या, इनपुटला १० येऊ देत, आउटपुट ५ च. उणे मात्र तिला चालत नाही. युरोरॅकमधला एलएफओ (संथ ऑसिलेटर) उणे पाच-पाचपर्यंत जातो, म्हणून इनपुटला १०० के आणि ग्राउंडकडे डायोड. आणि छोटी पेटी बंद असताना मोठीतून गेट देऊ नका. नेहमीच्या चिप्स इनपुटच्या डायोडमधून अर्धवट जाग्या होतात, मग भुतासारखं काहीतरी वाजत बसतं.

पुणेरी४०१०६
खरेदीबद्दल एक सूचना. ४०४६ ऑनलाइन घेताना जपून. एका विक्रेत्याकडून आलेल्यांवर छाप झकास होता, आत व्हीसीओ मेलेला. आधी ब्रेडबोर्डवर पिन ९ ला ५ व्होल्ट देऊन पिन ४ वर काही हलतं का बघा, मगच सोल्डर. पुण्याच्या बुधवार पेठेत घेतलेल्या आजवर चालल्यात.

गंजका_सोल्डर
आणि कपॅसिटर? ४०४६ ला १ मायक्रोचा इलेक्ट्रोलिटिक चालेल का? माझ्याकडे डबाभर आहेत.

तपकीर_गल्ली
नाही. ६ आणि ७ मधला कपॅसिटर प्रत्येक अर्ध्या फेरीला उलटा होतो. फिल्मचाच लावा. १ मायक्रोचा फिल्म जरा जाडजूड असतो, बोर्डवर जागा आधीच सोडा.

नवा_खटका
धाग्यावर नवीन आहे. माझी पेटी ३.३ व्होल्टची आहे, एका लिथियम सेलवर चालते. हेच सर्किट जसंच्या तसं चालेल?

तपकीर_गल्ली
४००० मालिका कागदावर ३ व्होल्टपर्यंत जाते, पण तिथे ती आळसावते, आउटपुटमध्ये जोर राहत नाही आणि ४०४६ च्या कंट्रोलचा मेलेला भाग जवळजवळ एक तृतीयांश होतो. ७४एचसी मालिका घ्या, २ ते ६ व्होल्टची. ७४एचसी४०४६ आहे, ४०१०६ ऐवजी ७४एचसी१४, ती पायाला पाय जुळते. शिफ्ट रजिस्टर म्हणून ७४एचसी१६४, तिचे आठही बिट बाहेर आहेत, हवे ते तीन निवडा. मात्र पॅरलल लोड नाही, म्हणजे समेचा खेळ तिथे जमणार नाही. शिडी तीच, १०० के आणि २०० के.

नवा_खटका
आठही बिट बाहेर? मग शिडी आठ बिटांचीच केली तर?

अव्यवस्थित_गणित
मग पायऱ्या दिसणार नाहीत, नुसता ओघळ दिसेल. शेजारच्या बिटांना वजन शेजारचंच, त्यामुळे एक बिट सरकला की व्होल्टेज अर्ध्यावर. तीन घ्या, पण सलग नको. पहिला, चौथा, आठवा घेऊन बघा.

लाल_एलईडी
मी पण हे आज करून बघते. ४०२१ काढून १६४ लावायला सॉकेट बदलावा लागेल, ती चौदा पायांची आहे.